ताटांतील तीन शास्त्रें

सणाच्या दिवशीं जेवणें आटोपून मंडळी विडा लावावयास बसली, कीं सुशिक्षित घरांतून एक सिद्धान्त हटकून ऐकूं येतो. तो असा : आपले पूर्वज मोठे धोरणी होते. आरोग्याचे नियम लोकांना नुसते सांगितले तर ते कोण पाळणार, हें जाणून त्यांनीं ते नियम धर्माच्या वेष्टणांत गुंडाळून दिले. एकादशी म्हणजे जठराला पंधरवड्याची रजा, चातुर्मासांतील कांदा-लसणाचा त्याग म्हणजे पावसाळ्यांतील मंदाग्नीवर उपाय, सोवळें म्हणजे जंतुनाशन. सारांश, धर्मशास्त्र हें वैद्यकाचेंच दुसरें नांव. हें ऐकून वडील मंडळी समाधान पावतात, तरुणांना पूर्वजांबद्दल अभिमान वाटतो, आणि बोलणारा आपण शास्त्रीय बोललों ह्या आनंदांत दुसरा विडा उचलतो. मीं स्वतः हा सिद्धान्त अनेक वर्षें मानला, वर्गांत विद्यार्थ्यांना सांगितलाही. आतां तो मला खरा वाटत नाहीं. इतकेंच नव्हे, तर तो वैद्यकावरही अन्याय करतो आणि धर्मावरही, असें वाटूं लागलें आहे. तें कां, हें मूळ ग्रंथांच्या आधारानें सांगण्याचा ह्या लेखांत विचार आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे, कीं हा सिद्धान्त एकट्या आपलाच नव्हे. बाराव्या शतकांतील यहुदी तत्त्वज्ञ आणि वैद्य मैमोनिदीस यानें आपल्या धर्मांतील डुकराच्या मांसाच्या निषेधाचें कारण आरोग्य आणि स्वच्छता हेंच दिलें होतें. पुढें १८३५ सालीं मनुष्याच्या स्नायूंत एक सूक्ष्म कृमि सांपडला, आणि १८६० सालीं त्सेंकर ह्या जर्मन वैद्यानें तो प्राणघातक रोग उत्पन्न करतो असें दाखवून दिलें. अर्धकच्च्या डुकराच्या मांसांतून तो पोटांत जातो हें कळतांच युरोपांतील पुष्कळांना मोझेसच्या दूरदृष्टीचें कौतुक वाटलें. सूक्ष्मदर्शक यंत्रावांचून मोझेसला तो कृमि कसा दिसला, आणि शिजविलेलें मांस निरुपद्रवी असतां तेंही त्यानें वर्ज्य कां केलें, हे प्रश्न त्या कौतुकांत मागें पडले. इंग्रजी विद्या घेतलेल्या आपल्या पहिल्या पिढ्यांची अडचण अशाच प्रकारची होती. घरीं आजीचें सोवळें, आणि कॉलेजांत रसायनशास्त्राचा तास. दोन्ही सोडवत नव्हतीं. तेव्हां सोवळ्याचेंच रसायनशास्त्र करून टाकणें हा मार्ग सोयीचा होता. सोय हें सत्याचें प्रमाण नव्हे, एवढेंच माझें म्हणणें आहे.

आतां ग्रंथांकडे वळूं. आपल्या जुन्या वाङ्मयांत अन्नाचा विचार तीन निरनिराळ्या अधिकाऱ्यांनीं केला आहे : वैद्यानें, धर्मशास्त्र्यानें आणि सूपकारानें, म्हणजे स्वयंपाक्यानें. तिघांच्याही पुढें ताट तेंच. पण त्याकडे पाहून तिघे विचारतात ते प्रश्न वेगळे. वैद्य विचारतो, हें खाल्ल्यानें शरीराचें काय होईल? धर्मशास्त्री विचारतो, हें खाल्ल्यानें मी कोण ठरेन? सूपकार विचारतो, हें खाणाऱ्यास आवडेल कीं नाहीं? हा भेद ध्यानांत धरला म्हणजे पुढील विवेचन सुगम होईल.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सत्ताविसावा अध्याय अन्नपानविधीचा आहे. त्यांत शूकधान्य, शमीधान्य, मांस, शाक, फल, हरित, मद्य, जल, गोरस, इक्षुविकार, कृतान्न आणि आहारयोगी असे बारा वर्ग पाडून एकेका पदार्थाचे गुणदोष सांगितले आहेत. ह्या अध्यायाचा विशेष असा, कीं वैद्य कोणत्याही पदार्थापुढें नाक मुरडीत नाहीं. मद्याला स्वतंत्र वर्ग आहे. मांसवर्गांत डुकराच्या आणि गाईच्याही मांसाचे गुण, इतर मांसांप्रमाणेंच, निर्विकारपणें नोंदलेले आहेत. पुढें विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायांत आहाराचा विचार करतांना प्रकृति, करण, संयोग, राशि, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता ह्या आठ गोष्टी पाहाव्या असें सांगितलें आहे. पदार्थ स्वभावतः कसा, त्यावर संस्कार कोणता, कशाबरोबर, किती, कोठल्या देशांत, कोणत्या ऋतूंत, कोणत्या रीतीनें आणि कोणीं खाल्ला, हे ते आठ प्रश्न होत. म्हणजे वैद्याच्या दृष्टीनें कोणताही पदार्थ सर्वांना, सर्व काळीं, निरपवाद वर्ज्य असा बहुधा नसतो. एकाला पथ्य तें दुसऱ्याला अपथ्य. वैद्याचा नियम माणसागणिक बदलतो. धर्माचा नियम वर्णागणिक, आश्रमागणिक आणि तिथीगणिक बदलतो. दोघांचे निकष इतके भिन्न असतां एकास दुसऱ्याचें वेष्टण कसें म्हणावें?

ह्या मतभेदाची खरी परीक्षा लसणाच्या प्रकरणांत होते. वैद्यकानें लसणाइतकी स्तुति थोड्याच पदार्थांची केली असेल. चरकानें गुल्मचिकित्सेंत लसूण घालून आटविलेल्या दुधाचा पाठ दिला आहे. सोलून वाळविलेला चार पल लसूण आठपट दुधापाण्यांत घालून दूध तेवढें उरेपर्यंत तो आटवावा. वातगुल्मापासून गृध्रसी आणि हृद्रोगापर्यंत त्याचे उपयोग सांगितले आहेत. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांत लसणाची गणना रसायनांत केली. काश्यपसंहितेंत तर लसणाचा एक स्वतंत्र कल्पच आहे. १८९० सालीं मध्य आशियांत कूचा येथें भूर्जपत्रावरील जी प्राचीन पोथी बॉवर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हातीं लागली आणि पुढें हर्न्ले ह्या पंडितानें जिचें संपादन केलें, त्या सुमारें सहाव्या शतकांतल्या पोथीचा आरंभच लसणाच्या वर्णनानें होतो. हिवाळ्यांत घरांच्या दर्शनी भागावर लसणाच्या माळा टांगाव्या, लोकांनींही त्या धारण कराव्या, असा एक लसूणोत्सवही त्यांत वर्णिला आहे.

आणि धर्मशास्त्र? मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत लसूण, कांदा, गृंजन आणि कुत्र्याची छत्री द्विजांस वर्ज्य सांगितली असून जाणूनबुजून खाणारा पतित होतो असें म्हटलें आहे. याज्ञवल्क्यानें त्याबद्दल चांद्रायणाचें प्रायश्चित्त घातलें. आपल्या सिद्धान्ताप्रमाणें ह्या निषेधाच्या मुळाशीं आरोग्याचा विचार असावयास पाहिजे. पण ज्यांचा व्यवसायच आरोग्य, त्या वैद्यांना तो विचार सुचला नाहीं. त्यांनीं लसणाला अमृत म्हटलें, तें अक्षरशः. राहूनें चोरून अमृत प्राशन केलें, विष्णूनें त्याचा कंठ छेदला, त्या कंठांतून भूमीवर गळलेल्या अमृतबिंदूंपासून लसूण झाला, अशी कथा वाग्भट आणि बॉवरची पोथी दोघेही सांगतात. अमृतापासून झाला म्हणून तो श्रेष्ठ रसायन. दैत्याच्या देहाचा स्पर्श झाला म्हणून द्विज तो खात नाहींत. वाचकांनीं ह्या कथेची रचना बारकाईनें पाहावी. वैद्यांना धर्माचा निषेध ठाऊक होता, तो त्यांनीं नाकारला नाहीं. पण त्याचें कारण देतांना लसणाच्या उष्णतेचा किंवा उग्रतेचा आधार त्यांनीं घेतला नाहीं. निषेधाचें कारण स्पर्श. गुणाचें कारण अमृत. दोन हिशेब दोन वह्यांत त्यांनीं स्वच्छ लिहून ठेवले. आपणच ते एका वहींत कालविले.

एवढ्यावरच तो पोथीकार थांबला नाहीं. ब्राह्मण रोग्यास लसणाचा लाभ कसा द्यावा ह्याचीही युक्ति त्यानें सांगितली. गाईला तीन रात्री जवळजवळ उपाशी ठेवावें, मग गवतांत लसणाची पात मिसळून तिला खाऊं घालावी, आणि त्या गाईचें दूध, दहीं, तूप ब्राह्मणानें घ्यावें. म्हणजे आचारही सांभाळला आणि औषधही पोटांत गेलें. ह्या युक्तीला हंसूं येईल, पण तिच्यांत मोठा प्रामाणिकपणा आहे. धर्माचा नियम आरोग्यासाठींच केला असता, तर आरोग्यासाठीं त्याला अशी वळणाची वाट काढण्याचें प्रयोजन काय होतें?

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. मनूनेंच त्या पांचव्या अध्यायाच्या आरंभीं, ब्राह्मणांना अकालीं मृत्यु कां गांठतो ह्या प्रश्नाच्या उत्तरांत अन्नदोष हें एक कारण दिलें आहे. मग आहाराचा आणि आयुष्याचा संबंध त्यानें जोडला नाहीं काय? जोडला आहे, पण त्या उत्तरांत अन्नदोषाच्या शेजारीं बसलेलीं दुसरीं कारणें पाहा. वेदाभ्यास न करणें, आचार सोडणें आणि आळस, हीं तीं होत. वेद न म्हटल्यानें येणारा मृत्यु जसा वैद्यकाच्या कक्षेंतला नव्हे, तसाच हा अन्नदोषही नव्हे. आणि शंका उरलीच, तर ती चौथ्या अध्यायानें फिटावी. ज्यांच्या घरचें अन्न घेऊं नये अशांची लांबलचक यादी तेथें दिली आहे. तींत चोर आहे, व्याजबट्टा करणारा आहे, सुतार आहे, गवई आहे आणि चिकित्सकही आहे. वैद्याच्या अन्नाची तुलना तर तेथें पुवाशीं केलेली आहे. जें शास्त्र वैद्याच्या पंगतीला बसावयास तयार नाहीं, तें वैद्याचाच निरोप वेषांतर करून लोकांना पोंचवीत होतें, असें मानणें कठीण आहे.

तिसरा अधिकारी सूपकार. त्याचें दर्शन घेण्यास आपणांस फार लांब जावें लागत नाहीं. कल्याणीच्या चालुक्यांचें राज्य आजच्या महाराष्ट्राच्या बऱ्याच भागावर होतें. सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयानें विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही विख्यात टीका लिहिली. भक्ष्याभक्ष्याचा काथ्याकूट तींत आहेच. त्याच राजाचा पुत्र तिसरा सोमेश्वर. त्यानें सुमारें ११२९ सालीं मानसोल्लास हा शंभर अध्यायांचा कोशवजा ग्रंथ सिद्ध केला. त्यांतील गीतविनोदांत जुन्या मराठी पदांचे नमुने सांपडतात, म्हणून मराठीच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत श्रीगोंदेकरांनीं त्याचें संपादन केलें. ह्या ग्रंथाच्या अन्नभोग प्रकरणांत मांडे आहेत, पुऱ्या आहेत, शिखरिणी आहे, इडलीचे आणि डोशाचे पूर्वज आहेत. त्याबरोबरच डुकराचें मांस भाजण्याची रीति आहे, कांसव आहे, आणि शेतांत व नदीकांठीं पकडलेले उंदीर तापल्या तेलांत घालून, केंस काढून, धुऊन शिजविण्याचीही कृति आहे. कांसव हें पंचनखी प्राण्यांतल्या अपवादांत बसतें. उंदीर त्या अपवादांत कोठेंच नाहीं. म्हणजे बापाच्या दरबारांत एक पंडित भक्ष्याभक्ष्याच्या सीमा आंखीत होता, आणि मुलगा राजसिंहासनावर बसून त्या सीमेपलीकडच्या पदार्थांना कोणती फोडणी शोभेल हें लिहीत होता. दोघांचेही ग्रंथ आदरानें जपले गेले. आमच्या परंपरेची ही ऐसपैस बैठक ‘पूर्वजांचा आहार’ असा एकवचनी शब्द वापरणाऱ्यांनीं लक्षांत घ्यावी.

तिन्ही शास्त्रें एका ग्रंथांत आणण्याचा जो प्रयत्न एका महाराष्ट्रीय पंडितानें केला, त्याचा उल्लेख येथें अवश्य आहे. रघुनाथ गणेश नवहस्त हा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांतला ग्रंथकार तंजावरच्या भोसल्यांच्या राणी दीपाबाई हिच्या आश्रयास होता. त्याच्या भोजनकुतूहल ह्या ग्रंथाकडे पुण्याच्या भांडारकर संशोधनमंदिरांतील प. कृ. गोडे यांनीं अभ्यासकांचें लक्ष वेधलें. पुढें १९५६ सालीं त्याचा पहिला परिच्छेद त्रिवेंद्रमहून छापून निघाला. रघुनाथाची रीति संग्राहकाची आहे. स्वतंत्र प्रज्ञेची अपेक्षा धरून जो हा ग्रंथ उघडील त्याची निराशा होईल. उताऱ्यांची गर्दी इतकी, कीं ग्रंथकाराचा आवाज मुष्किलीनें ऐकूं येतो. पण त्याचे दोन गुण मला मोठे वाटतात. एक, वैद्यकाचें वचन तो वैद्यकाचें म्हणून देतो आणि धर्मशास्त्राचें वचन धर्मशास्त्राचें म्हणून. एकाच्या तोंडीं दुसऱ्याची भाषा घालीत नाहीं. दुसरा, त्याचें मन उघडें आहे. जिलबी हा पदार्थ मूळचा आपला नव्हे. तिचें नांव अरबी ‘जलाबिया’वरून आलें असें अभ्यासक मानतात. पण रघुनाथानें तिची कृति दिली आणि गुणही सांगितले. परक्या पदार्थाला त्यानें ना हांकलून दिलें, ना तो वेदांत होता असें म्हटलें. पाहुण्याला पाट मांडून बसविलें, आणि त्याची प्रकृति विचारली. शास्त्र जिवंत असतें तेव्हां तें असें वागतें.

ग्रंथ बाजूस ठेवून आतां आपल्याच घरच्या ताटाकडे पाहूं. चैत्र शुद्ध प्रतिपदेला सकाळीं आपण कडुनिंबाचीं कोवळीं पानें खातों. वसंतांत कफाचा प्रकोप होतो, कडू रस त्यास मारक, असें वैद्यक म्हणतें. म्हणून आमचा सिद्धान्ती येथें विजयी मुद्रेनें पाहतो. संक्रांतीच्या तीळगुळाविषयींही त्याचें म्हणणें ठीक आहे. थंडीच्या दिवसांत स्निग्ध आणि उष्ण तीळ हितकर आहेत. पण त्याच पाडव्याच्या दिवशीं दुपारच्या ताटांत काय असतें? पुष्कळ घरीं श्रीखंड, कांहीं घरीं पुरणपोळी. चरकाच्या ऋतुचर्येंत वसंतांत गुरु, आंबट, स्निग्ध आणि मधुर पदार्थ टाळावे असें आहे. आणि शरद, ग्रीष्म व वसंत ह्या तीन ऋतूंत दहीं बहुतकरून निंद्य ठरविलें आहे. आंबट दह्याचें मधुर, स्निग्ध, जड श्रीखंड आम्ही पाडव्याला वसंतांत खातों आणि दसऱ्याला शरदांत! सकाळीं वैद्याची आज्ञा पाळली, दुपारीं मोडली. आणि दोन्ही गोष्टी सारख्याच भक्तीनें केल्या. याचा अर्थ इतकाच, कीं सण वैद्याला विचारून ठरलेला नाहीं. कोठें दोघांचें जुळतें, कोठें जुळत नाहीं. जुळलेल्या जागा तेवढ्या मोजून सिद्धान्त बांधणें म्हणजे लागलेल्या नेमाचे तेवढे तीर दाखवून आपल्याला धनुर्धर म्हणविणें होय.

उपासाचें उदाहरण याहून बोलकें आहे. आपल्या फराळाच्या ताटांत साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचे काप आणि चवीला हिरवी मिरची असते. आतां गंमत पाहा. बटाटा, रताळें, भुईमूग आणि मिरची हीं चारही दक्षिण आणि मध्य अमेरिकेकडचीं. १४९२ सालीं कोलंबस तिकडे पोंचण्यापूर्वीं भारतवर्षांत ह्या भाज्या-फळांचा पुरस्कार कोणत्याही स्मृतिकारानें करणें शक्य नव्हतें. आजचा साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून तामिळनाडूंतील सेलमकडे तयार होतो, तो कंदही तिकडचाच. ‘बटाटा’ हा शब्दच आम्हांला पोर्तुगीजांकडून मिळाला. निषेध होता धान्याचा. जें आलें तें धान्य नव्हे, म्हणून तें चाललें. नियमाचें अक्षर राहिलें आणि ताट भरलें. पोटाला विश्रांति देणें हा हेतु असता, तर पिठूळ साबुदाणा, तेलकट दाणे आणि वर साजूक तूप ही योजना कोणत्या वैद्यानें मान्य केली असती? शिवाय एका घरीं उपासाला जिरें चालतें, शेजारीं चालत नाहीं. एकीकडे कोथिंबीर चालते, दुसरीकडे ती पाहून सासूबाई कपाळाला आठ्या घालतात. जिऱ्याचा गुण भिंत ओलांडतांच बदलतो काय? नाहीं; बदलतें तें घर. आम्ही अमक्या घरचे, आमच्यांत असें करतात, हें सांगण्याचें तें एक साधन आहे.

येथें आपण धर्माच्या आहारनियमांच्या खऱ्या स्वरूपाजवळ येतों. १९६६ सालीं मेरी डग्लस ह्या इंग्रज विदुषीनें शुद्धाशुद्धतेवर लिहिलेल्या आपल्या ग्रंथांत, यहुदी धर्मांतील निषेधांचा उलगडा आरोग्यानें होत नसून वर्गीकरणानें होतो, असें प्रतिपादन केलें. सृष्टीच्या ठरीव कप्प्यांत जें बसत नाहीं तें अशुद्ध. आणि हे कप्पे राखणें म्हणजे समाजाची घडी राखणें. तिचीं सर्व अनुमानें मला मान्य नाहींत, आणि पुढें तिनें स्वतःही त्यांतलीं कांहीं बदललीं. पण आपल्या धर्मशास्त्राला ही दृष्टि फार जवळची आहे. आमच्या निबंधकारांनीं अन्नाचे दोष सांगतांना जातिदुष्ट, क्रियादुष्ट, कालदुष्ट, संसर्गदुष्ट असे प्रकार केले, आणि अन्न कोणाच्या मालकीचें हाही एक निकष ठेवला. म्हणजे अन्न काय आहे ह्याबरोबरच तें कोणाचें आहे, कोणीं शिवलें आहे, कोठें वाढलें आहे हे प्रश्न त्यांनीं स्वतःच उघडपणें विचारले. त्यांनीं लपविलें नाहीं. लपवितों तें आपण.

पुण्यांतील १८९० सालचें पंचहौद मिशनचें चहाप्रकरण ह्याचें उत्तम उदाहरण आहे. रानडे, टिळक यांच्यासारखी मंडळी एका व्याख्यानाच्या निमित्तानें तेथें गेली, पुढें चहा-बिस्किटें आलीं, आणि त्यावरून ग्रामण्य होऊन प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलें. चहा आरोग्यास अपायकारक कीं हितकारक, ह्याची त्या वादांत कोणास पर्वा नव्हती. चहा कोणाच्या घरचा, हाच प्रश्न होता. आणि २० मार्च १९२७ रोजीं महाड येथें डॉ. आंबेडकरांनीं आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें, त्यानंतर तें तळें पंचगव्याचे घडे ओतून ‘शुद्ध’ करण्यांत आलें. ज्या पाण्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, तें माणसांच्या ओंजळीनें विटाळलें. आणि शेणागोमूत्रानें निर्मळ झालें! सोवळें म्हणजे जंतुनाशन, असें म्हणणाऱ्यांनीं महाडच्या तळ्याच्या कांठीं क्षणभर उभें राहून आपलें वाक्य पुन्हा उच्चारून पाहावें.

हा सिद्धान्त मीं कां टाकला, ह्याचें कारण मात्र ग्रंथांत नाहीं. तें आमच्या आजोळच्या माजघरांत आहे. माझ्या आईची एक आत्या होती. तिला आम्ही मुलें ताईआजी म्हणत असूं. लहानपणींच विधवा झालेली. एकवेळचें जेवण, मसूर नाहीं, कांदा नाहीं, लसूण नाहीं. उतारवयांत तिचे गुडघे धरले. गांवच्या वैद्यबुवांनीं लसणाचें दूध घ्यावयास सांगितलें, आणि औषधाला दोष नाहीं असा दिलासाही दिला. पुष्कळ विनवण्या झाल्यावर तिनें परसांत वेगळी चूल मांडली, वेगळी पातेली घेतली, आणि चाळीस दिवस तें दूध घेतलें. तिला उतार पडला. एकेचाळिसाव्या दिवशीं तिनें डोक्यावरून स्नान केलें, पातेली मोलकरणीला देऊन टाकली, आणि तें औषध संपलें. पुढें दुखणें पुन्हा उभें राहिलें. माझे मामा विज्ञानाचे पदवीधर. ते एकदां तिला समजावूं लागले, कीं ताई, विधवांना लसूण वर्ज्य केला तो त्यांच्या प्रकृतीसाठींच. लसूण उष्ण असतो. ती वाती वळीत बसली होती. मान वर न करतां ती म्हणाली, ‘‘मग तुला कां रे नाहीं बंद केला?’’

मामा निरुत्तर झाले. मी तेव्हां लहान होतों. त्या प्रश्नाचें वजन मला पुढें कळलें. ताईआजीनें नियम मोडला नाहीं, नियमाबद्दल कधीं कुरकूरही केली नाहीं. पण तो आपल्या कल्याणासाठीं आहे, एवढें मात्र तिनें कोणास म्हणूं दिलें नाहीं. तो नियम काय आहे हें तिला आमच्या सर्व पदवीधरांपेक्षां अधिक स्पष्ट ठाऊक होतें. निषेध सोसणें आणि वर तो उपकार म्हणून स्वीकारणें, ह्यांतली दुसरी गोष्ट तिनें नाकारली. आरोग्याचा सिद्धान्त निरुपद्रवी आहे असें ज्यांना वाटतें, त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. तो अन्यायावर पांघरूण घालतो. आणि तें पांघरूण ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच हातून घालवूं पाहतो.

ह्यावरून अन्नासंबंधींचा सर्व धर्म म्हणजे केवळ जाच, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. तसें म्हणणें हाही एक दुसरा सोयीचा सिद्धान्त होईल. सप्ताहाच्या शेवटीं काल्याचें कीर्तन होतें, आणि गोपाळकाला वांटला जातो. दहीं, लाह्या, पोहे, ज्यानें जें आणलें असेल तें एकत्र कालवून सर्वांच्या हातावर ठेवावयाचें, ही त्यामागची कल्पना. संसर्गदोषाच्या कसोटीनें याहून सदोष अन्न शोधून सांपडणार नाहीं. आणि भक्ताच्या दृष्टीनें याहून पवित्र दुसरें नाहीं. धर्मानें एका हातानें रेषा आंखल्या, आणि दुसऱ्या हातानें त्या काल्यांत पुसल्या. पुसणारा हातही धर्माचाच होता, वैद्याचा नव्हता. तीळगूळ देतांना आपण गोड बोलण्याचें वचन मागतों. अतिथीला पहिला घांस देतों. नैवेद्य दाखविल्यावांचून तोंडांत घालीत नाहीं. ह्या गोष्टींना जीवनसत्त्वांच्या दाखल्याची गरज काय? कृतज्ञता, संयम, सहभोजन हीं स्वतःच्या पायावर उभीं राहणारीं मूल्यें आहेत. त्यांना आरोग्याच्या कुबड्या देणें म्हणजे तीं लंगडीं आहेत असें कबूल करणें होय.

तशीच वैद्यकाचीही गोष्ट. आठ निकष लावून, माणूस पाहून, ऋतु पाहून आहार ठरविणारें तें शास्त्र. त्याला सर्व रूढींचा वकील करून उभें केलें, कीं त्याची परीक्षक बुद्धि मरते. ज्या रूढीचें समर्थन करावयाचें तिच्यासाठीं त्याला रोज नवा गुण शोधावा लागतो. आज लसूण उष्ण म्हणून वाईट, उद्यां रक्तदाबाला बरा म्हणून चांगला. वैद्यक राहिलें बाजूला, वकिली तेवढी उरली. ज्या पोथीकारानें गाईला लसणाची पात चारून ब्राह्मणाला औषध पाजलें, त्यानें निदान आपल्या शास्त्राची मान दुसऱ्या शास्त्राखालीं दिली नव्हती.

म्हणून माझी विनंति एवढीच आहे. ताटांतल्या ह्या तीन शास्त्रांना आपापल्या नांवानें हांक मारावी. प्रकृतीसाठीं खातों तें प्रकृतीसाठीं म्हणावें, आणि तें खरें आहे कीं नाहीं हें आजच्या वैद्यकाला विचारावें. चवीसाठीं खातों तें चवीसाठीं म्हणावें. सोमेश्वर राजाला त्याची लाज वाटली नाहीं, आपणांस वाटण्याचें कारण नाहीं. श्रद्धेनें पाळतों तें श्रद्धेनें म्हणावें. आणि ज्याचें कारण ह्या तिन्हींत कोठेंच सांपडत नाहीं, केवळ कोणाला तरी खालीं बसविण्यासाठीं जो नियम चालत आला, त्याला निमूटपणें निरोप द्यावा. येत्या एकादशीला मी साबुदाण्याची खिचडी आवडीनें खाणार आहें. ती पूर्वजांनीं शोधलेली पचनाची युक्ति आहे, असें मात्र आतां पंगतींत कोणास सांगणार नाहीं; कारण कोठल्या तरी कोपऱ्यांत वाती वळीत बसलेली एखादी ताईआजी तें ऐकत असेल, आणि तिच्या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नाहीं.